ताकद, यंत्र आणि निगा : शहागडच्या एका संध्याकाळच्या निमित्तानं



आजचा विषय वाचून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. हयातभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं मसल कारवर काय बोलायचं? पण माणसं एखाद्या वस्तूभोवती कशासाठी गोळा होतात, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. आणि कधीपासून, कशी गोळा होऊ लागली, हा इतिहासाचा. दोन्ही टोकं धरून आपण आज चालणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. मसल कार म्हणजे साध्या, मधल्या आकाराच्या गाडीत बसवलेलं अवाढव्य इंजिन. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीनं 'जीटीओ' नावाची गाडी काढली, तिथून या प्रकाराची सुरुवात मानतात. तिचं इंजिन जवळपास साडेसहा लिटरचं, आठ सिलिंडरचं, ३२५ हॉर्सपॉवरचं. किंमत अशी की नोकरीला नुकता लागलेला पोरगाही हप्त्यानं घेऊ शकेल. शनिवारी संध्याकाळी एखाद्या हॉटेलच्या आवारात गाड्या लावायच्या, बॉनेट उघडायचं, एकमेकांची इंजिनं ऐकायची, हा तिथला रिवाज झाला.

आता हे सगळं आपल्याकडे कसं यावं? ती गाडी आपल्याकडे आलीच नाही. संध्याकाळ मात्र आली.

शहागड आपल्यापैकी बहुतेकांना पूल म्हणून माहीत असतं. सोलापूर–धुळे महामार्ग, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२, तिथं गोदावरी ओलांडतो. अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीडमधला गेवराई. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. माल, माणसं आणि चाकं या टापूला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहेत.

तिथं हायवेलगतच्या एका ढाब्याच्या आवारात काही तरुण अधूनमधून आपल्या जुन्या गाड्या घेऊन जमतात. एकदा त्यांनी आम्हालाही बोलावलं. एक काँटेसा होती, दोन जुन्या जीप, एक प्रीमियर पद्मिनी, एक राजदूत ३५० आणि दोन बुलेट. ऊस संपलेला होता, हायवेवर ट्रॅक्टरची गर्दी नव्हती. काँटेसावाला म्हणाला, "सर, आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, आता मी सांभाळायलोय." तेवढ्यात एक म्हातारे मिस्त्री आले. पोरं त्यांना 'चाचा' म्हणत होती. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, मान तिरकी करून क्षणभर ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "टॅपेट वाजायलेत." पोरगा लगेच पाना शोधायला पळाला.

बघायला आलेल्या लोकांचा पहिला प्रश्न कोणता होता, सांगा बरं? "अ‍ॅव्हरेज किती देते?" अमेरिकन माणूस ताकद किती ते विचारील, आपला माणूस पेट्रोल किती पिते ते विचारतो. हसू नका. या एका प्रश्नात आपल्या पन्नास वर्षांचा आर्थिक इतिहास भरलेला आहे. तो आपण उलगडू.

ताकदीपासूनच सुरुवात करू. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटनं रूढ केलं. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे गिऱ्हाइकाला सांगता यावं म्हणून. आज जे दशमान माप वापरतात त्यात ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्याकडे घोडा नांगराला नव्हता, बैल होता. तेव्हा आपल्या हिशेबात सांगायचं, तर चांगली बैलजोडी सलग काम करताना साधारण एक अश्वशक्ती देते. म्हणजे ती जीटीओ गाडी सव्वातीनशे बैलजोड्यांची. आणि मोटेवर दिवसभर राबणाऱ्या आपल्या आजोबांच्या हाताशी होती एक जोडी.

पण त्या एका जोडीभोवतीही माणसं जमत होतीच. मराठवाड्यात आणि विदर्भात शंकरपट भरतो, पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत. जोडी सुटते, काही सेकंदांत पट संपतो. पण त्याआधी तासन् तास काय चालतं? वशिंड बघणं, खूर बघणं, खुराक काय दिला ते विचारणं. पळण्याचा वेळ थोडा आणि निगेच्या गप्पांचा जास्त. ढाब्यावरही तेच दिसलं. तीन तासांत एकही गाडी जोरात पळाली नाही. सगळा वेळ बॉनेटखाली गेला.

शंकरपटाचा अलीकडचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. जनावराच्या वेदनेचा तो प्रश्न खराच होता, तो आम्ही हलका करत नाही. यंत्राला वेदना नसते, एवढा फरक लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता मोटारीकडे. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी असं स्वप्न बघणाऱ्यांत एक आपलाच मराठी मुलखातला माणूस होता, सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी अमेरिकेतल्या क्राइस्लर कंपनीशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन घराण्यातल्या, मोठ्या अंगाच्या. त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. म्हणजे आपली सुरुवात थेट अमेरिकन दमदार गाड्यांनी झाली होती.

मग ती वाट बदलली का? तर १९५१ चा उद्योग विकास आणि नियमन कायदा. काय बनवायचं, किती बनवायचं, याला सरकारचा परवाना लागू लागला. परकीय चलन तुटपुंजं, त्यामुळे मोटार ही चैन ठरली. प्रीमियर इटलीच्या छोट्या फियाटकडे वळली. ज्या १९६४ साली अमेरिकेत ३२५ हॉर्सपॉवरची गाडी आली, तेव्हा आपल्याकडे मुख्यतः तीन गाड्या होत्या : अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. साधारण चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या, आणि त्यांनाही वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि दोन-तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. अमेरिकेत धुराचे नियम आणि महाग विमा यांनी मसल कार आधीच दमली होती, या तेलानं तिला बसवलंच. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा झाला. तिथं एक हौस संपली, इथं 'अ‍ॅव्हरेज किती' हा प्रश्न पिढ्यान् पिढ्यांच्या हाडात मुरला.

अशा काळात, १९८४ मध्ये, काँटेसा आली. ती हिंदुस्तान मोटर्सनं बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, १९७० च्या दशकातला. लांब बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना जोर. दिसायला थेट मसल कार. पण आत इंजिन अँबेसेडरच्या जातकुळीचं, दीड लिटरचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. पहिलवानाचा अंगरखा आणि कारकुनाचं काळीज! पुढे त्यात जपानच्या इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा जरा जीव आला. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज तिला भारतीय मसल कार म्हणतात, ते तिच्या बांध्याकडे बघून.

इथं आम्हाला खरा मुद्दा मांडायचा आहे. अमेरिकन मसल कारची ताकद कारखान्यात तयार झाली. आपल्या गाड्यांची ताकद गॅरेजात तयार झाली. नवी गाडी मिळत नव्हती, सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून एकेक गाडी तीस-तीस वर्षं चालवली गेली. कुणी चालवली? चालवणाऱ्याचं नाव घरात राहतं, बनवणाऱ्याचं पुस्तकात. वालचंदांवर चरित्रं आहेत. पण लेथवर बुश कातून देणारा, कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा जुळवणारा मिस्त्री कुठल्या इतिहासात आहे?

हा माणूस अचानक उगवलेला नाही. गावगाड्यात गाडीचं चाक सुतार करायचा, धाव लोहार बसवायचा, आणि वर्षाकाठी खळ्यावर बलुतं घ्यायचा. बैलगाडी मागे पडली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांची मुलं मोटारीच्या बॉनेटखाली शिरली. बरेच मुसलमान कारागीर याच धंद्यात आले. शिक्षण हातात, शाळा उस्तादाची, आणि प्रमाणपत्र कसलंच नाही. मराठवाड्याचा औद्योगिक इतिहास लिहिताना आपण वाळूजची एमआयडीसी लिहितो, जालन्याचं स्टील लिहितो. हायवेच्या कडेचं पत्र्याचं गॅरेज लिहीत नाही.

जालन्याच्या स्टीलचा उल्लेख मुद्दाम केला. जालन्यातल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. म्हणजे ज्या जिल्ह्यात ती काँटेसा सांभाळली जात आहे, त्याच जिल्ह्यात जुनं लोखंड शेवटी वितळतं. दोन्ही कामं उपयोगाची आहेत. प्रश्न एवढाच की कुठली गाडी कुठं जावी, हे ठरवायचं कशावरून?

कायदा काय म्हणतो ते पाहू. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. दुसऱ्या टोकाला, २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा होते. मधली पस्तीस वर्षं तिला कोण सांभाळणार? १९८४ ची काँटेसा २०३४ पर्यंत वारसा नाही. ही पस्तीस वर्षांची दरी ओलांडते ती एक घर आणि एक मिस्त्री यांच्या जिवावर.

आणि मूळ रूप म्हणजे तरी काय? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलात मूलभूत बदल करायचा नाही. कायद्यापुरती गाडीची ओळख म्हणजे चासी नंबर. पण त्या काँटेसाचं इंजिन दोनदा उघडलेलं, पत्रा बदललेला, सीट नव्या, रंग तिसरा. मग आजोबांची गाडी ती हीच का?

हा प्रश्न फार जुना आहे. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात तो रथाच्या रूपानं येतो. नागसेन विचारतो, महाराज, आपण रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी कळतं की भाग एका विशिष्ट रीतीनं जुळले की त्याला आपण 'रथ' म्हणतो, वेगळी अशी रथ नावाची वस्तू आत लपलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, कॉलेज काढलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसर नागसेनवन. तेव्हा मराठवाड्याला हा रथ परका नाही.

नागसेनाला प्रमाण मानून आम्ही एक पाऊल पुढे टाकतो. भाग बदलले तरी गाडी तीच राहते, ती जुळवणाऱ्या हातांच्या सातत्यामुळे. आजोबांच्या वेळच्या मिस्त्रीनं आपल्या शागिर्दाला शिकवलं, त्यानं पुढच्याला. तो धागा तुटला की मूळ पत्रा, मूळ इंजिन, मूळ नंबर सगळं असूनही उरतं ते शोपीस. म्हणजे भंगारात जाण्याआधी गाडी मरते ती या ठिकाणी.

याला आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. जुनी इंजिनं धूर जास्त सोडतात. त्यांत एअरबॅग नाही, ब्रेक आजच्या वेगाला पुरे पडत नाहीत. आपल्या हायवेवर रोज माणसं मरतात. म्हणून हौस म्हणून सायलेन्सर काढून फिरणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. जुनी गाडी रोज रस्त्यावर हवी, असंही आमचं म्हणणं नाही. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, ते नियमानं योग्यच झालं. पण ती जाताना लोकांनी तिचे फोटो काढले. टॅक्सी दुरुस्त करणाऱ्यांपाशी कुणी टेप घेऊन बसलं का?

त्या तरुणांना आम्ही एकच काम सुचवलं, तेच तुम्हालाही सुचवतो. प्रत्येक गाडीसाठी एक वही करा. गाडी घरी कधी आली, कुणी घेतली, कोणता भाग कधी बदलला, कुठून आणला, कुणाच्या हातून बसला. मिस्त्रीचं पूर्ण नाव लिहा, उस्तादाचंही लिहा. टॅपेटचा आवाज ऐकून त्यांना काय कळतं, ते त्यांच्याच शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. ही वही दहा-वीस गाड्यांची झाली की ते मराठवाड्याच्या कारागिरीचं दप्तर होईल, आणि पेशव्यांच्या दप्तराइतकंच ते इतिहासकाराच्या उपयोगी पडेल.

शहागडचे चाचा आता सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांच्याकडे शिकायला सध्या एकच मुलगा येतो. वहीला उशीर करून चालणार नाही.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.