वेव्हर्लीचा लोहमार्ग

सर वॉल्टर स्कॉट याच्या कादंबऱ्या हल्लीं कितीशा वाचल्या जातात, हा प्रश्न इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं मोठ्यानें विचारूं नये हेंच बरें. परंतु हरिभाऊ आपट्यांचा गौरव करावयाचा म्हणजे त्यांस 'महाराष्ट्राचे स्कॉट' म्हणावें, असाही एक काळ आपल्याकडे होऊन गेला. स्कॉटची पहिली कादंबरी 'वेव्हर्ली' ही 1814 सालीं निनांवी प्रसिद्ध झाली, आणि पुढें कित्येक वर्षें तो 'वेव्हर्लीचा कर्ता' याच नांवानें जगास ठाऊक होता. एडिंबरो शहरांतील मुख्य आगगाडीच्या स्थानकास हें नांव आहे. त्या स्थानकांतून दक्षिणेकडे निघून इंग्लंडच्या हद्दींतील कार्लाईल शहरास जाणाऱ्या सुमारें 98 मैलांच्या लोहमार्गासही वेव्हर्लीचाच मार्ग म्हणत. हा मार्ग 1969 सालीं बंद करण्यांत आला, त्याचे रूळ उपटून नेण्यांत आले, आणि सेहेचाळीस वर्षांनीं त्याचा सुमारें एकतृतीयांश भाग पुन्हां नव्यानें बांधण्यांत आला. मोडणें आणि पुन्हां मांडणें यांचा हा इतिहास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो. कारण दोन्ही वेळां हिशेबाच्या वह्या पुढें मांडल्या गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळां त्या वह्यांचें म्हणणें एकच होतें.

मार्गाची सुरुवात अगदीं साधी आहे. एडिंबरोजवळच्या खाणींतील कोळसा शहरांत आणण्यासाठीं 1831 सालीं डॅल्कीथच्या बाजूस एक लोहमार्ग घालण्यांत आला. त्यावर गाड्या ओढीत ते घोडे. लोक तिला कौतुकानें 'निष्पाप आगगाडी' म्हणत. वस्तुतः तींत आगही नव्हती! नॉर्थ ब्रिटिश कंपनीनें ही गाडी 1845 सालीं विकत घेतली, 1849 त रूळ हॉइकपर्यंत नेले, आणि 1862 त ते कार्लाईलला भिडविले. हॉइक हें मोजे व विणलेल्या लोकरी कपड्यांचें गांव, गॅलाशील्स हें लोकरी कापडाच्या गिरण्यांचें. त्यांना कोळसा हवा होता, आणि त्यांचा माल बाहेर जावयास हवा होता. परंतु हॉइकच्या पुढें मुलूख ओसाड आणि डोंगराळ. व्हिट्रोप येथें मार्ग हजार फुटांच्या वर चढतो व तेथें डोंगर पोखरून बाराशें यार्डांचा बोगदा काढावा लागला. शँकेंड येथें पंधरा कमानींचा पूल बांधावा लागला. रिकार्टन जंक्शन म्हणून एक गांव या मार्गावर होतें. तें सर्वस्वीं रेल्वेच्या नोकरांचें. गांवास रस्ता नव्हता; घराबाहेर कोठें जावयाचें तर गाडीनें, दुकानांतील माल यावयाचा तोही गाडीनें. अशा मुलखांतून नफा किती निघावयाचा, हें सांगण्यास मोठा अर्थशास्त्रज्ञ नको. कंपनीनें तरीही मार्ग बांधला, कारण कॅलेडोनियन नांवाच्या प्रतिस्पर्धी कंपनीवर तिला मात करावयाची होती. व्यापारी ईर्ष्येनें लोकोपयोगी कामें पुष्कळदां होतात. मात्र ईर्ष्या संपली म्हणजे त्यांना वाली राहत नाहीं.

1963 च्या मार्च महिन्यांत डॉक्टर रिचर्ड बीचिंग यांचा ब्रिटिश रेल्वेच्या पुनर्रचनेविषयींचा अहवाल बाहेर पडला. बीचिंग हे पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. एका मोठ्या रासायनिक कंपनींतून चोवीस हजार पौंड वार्षिक वेतनावर त्यांना रेल्वेवर आणलेलें होतें. हें वेतन पंतप्रधानाच्या वेतनाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें त्या काळीं बराच गवगवा झाला. ज्या वाहतूकमंत्र्यानें त्यांस आणलें तो अर्नेस्ट मार्पल्स हा रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचा संस्थापक होता. यांतून लोकांनीं काय तें समजून घेतलें. आम्ही मात्र बीचिंग यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेत नाहीं. त्यांचे आंकडे खरे होते. देशांतील एकतृतीयांश लोहमार्गांवरून एकूण प्रवासाचा अवघा शंभरावा हिस्सा होत होता. निम्म्या स्थानकांचें उत्पन्न मिळून शेंकडा दोन इतकें भरत होतें. म्हणून सुमारें पांच हजार मैलांवरील प्रवासी गाड्या आणि 2,363 स्थानकें बंद करावीं, अशी त्यांची शिफारस होती. त्या यादींत वेव्हर्लीचा मार्ग होता.

दोष होता तो आंकड्यांत नव्हे, प्रश्नांत. नदीस मिळणारा ओढा लहान म्हणून तो बुजवावा, आणि मग नदीचें पाणी कां आटलें याचा शोध करीत बसावें, तसा हा प्रकार. आडगांवचा प्रवासी आपल्या लहान स्थानकावर चढतो, मोठ्या शहरांत उतरतो, तेथून आणखी दूर जातो; त्याच्या तिकिटाचा मोठा हिस्सा मोठ्या मार्गाच्या खात्यावर जमा होतो. लहान स्थानक बंद झालें म्हणजे तो दुसऱ्या स्थानकावर मोटारीनें जाऊन गाडी धरील, असें अहवाल लिहिणारांनीं गृहीत धरलें. पण एकदां मोटारींत बसलेला मनुष्य अर्ध्या वाटेवर कां उतरेल? तो तसाच पुढें गेला. मार्ग बंद करून अपेक्षिलेली बचत पुरती हातीं आली नाहीं. रेल्वेचा तोटा चालूच राहिला.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. 1964 च्या निवडणुकींत मजूर पक्षानें मोठे मार्ग बंद करण्याचें काम थांबविण्याचें अभिवचन दिलें, तो पक्ष अधिकारावर आला, आणि वेव्हर्लीचा मार्ग बंद करण्याचा निर्णय त्याच पक्षाचे मंत्री रिचर्ड मार्श यांनीं 1968 त दिला. तोट्याच्या पण समाजास अवश्य अशा मार्गांना सरकारी मदत द्यावी, असा कायदा त्याच वर्षीं होत होता! औषध दाराशीं आलें असतां रोग्याची तिरडी बांधावी, तशी ही घाई झाली. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीनें अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन लंडन गांठलें व पंतप्रधानांच्या दारीं तो दिला. उपयोग झाला नाहीं.

5 जानेवारी 1969 च्या रात्रीं शेवटची प्रवासी गाडी एडिंबरोहून लंडनला निघाली. हॉइकच्या लोकांनीं मंत्र्याच्या नांवें एक शवपेटी गाडींत चढविली. पुढें न्यूकॅसलटन या खेड्यांत गाडी आली तों रस्त्याचें फाटक रुळांवर आडवें लावलेलें, आणि थंडीच्या कडाक्यांत सारें गांव रुळांवर उभें. पोलिसांनीं तेथील धर्मोपदेशक ब्रायडन मॅबन यांस पकडून नेलें. त्याच गाडींत त्या भागाचे तरुण पार्लमेंट-सभासद डेव्हिड स्टील झोपण्याच्या डब्यांत होते. त्यांनीं मध्यस्थी केली : धर्मोपदेशकास सोडावें, म्हणजे लोक वाट देतील. तसें झालें, आणि सुमारें दोन तास उशिरानें गाडी पुढें गेली. खेड्यांतील सभ्य, देवभीरु माणसें कायदा मोडण्यास उभीं राहतात तीं एका गाडीसाठीं नव्हेत. आपल्या गांवाचें जगाशीं असलेलें नातें कोणी दूरच्या कचेरींत बसून तोडीत आहे, या जाणिवेनें तीं उभीं राहतात. बॉर्डर्स या सबंध प्रदेशांत त्या रात्रीनंतर प्रवाशांसाठीं एकही स्थानक उरलें नाहीं.

रूळ उखडले गेले तेंही एक वेळ समजूं शकतें. लोखंडास बाजारांत किंमत असते. परंतु ज्या जमिनीवर ते होते ती तुकड्या-तुकड्यांनीं हातची जाऊं दिली, हा अपराध आम्ही अधिक मोठा समजतों. एडिंबरोस वळसा घालणारा नवा रस्ता जुन्या मार्गास आडवा छेदून गेला. गॅलाशील्स येथें जुन्या जागेवर इमारती उठल्या. लोहमार्गाची जमीन म्हणजे शेंकडों मालकांकडून, कायद्याच्या बळानें, एका पिढीनें जोडलेली एक अखंड फीत असते. तिचें मोल अखंडपणांत आहे. मधला अर्धा फर्लांग विकला कीं बाकीचे दहा मैल नुसती गवताची पट्टी होऊन राहतात. ती फीत राखून ठेवण्यास फारसा खर्च नव्हता. पण जें पुढें कधींतरी लागेल त्यासाठीं वहींत रकाना नसतो.

1999 सालीं स्कॉटलंडास जवळजवळ तीनशें वर्षांनीं आपली स्वतंत्र विधिसभा परत मिळाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? तेच डेव्हिड स्टील. त्याच वर्षीं मार्ग पुन्हां सुरूं करण्यासाठीं मंडळी एकत्र आली, आणि सतरा हजारांवर सह्यांचा अर्ज या वेळीं लंडनला नव्हे, एडिंबरोस गेला. 2006 त विधिसभेनें कायदा केला. तरी काम निघण्यास आणखी सहा वर्षें लागलीं. मक्ता घेऊं म्हणणारे एकामागून एक मागें सरले, आणि शेवटीं रेल्वेचे मार्ग सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडेच तें काम आलें. सुमारें तीस मैल मार्ग व सात नवीं स्थानकें यांस 29 कोटी 40 लाख पौंड खर्च ठरला, म्हणजे मैलास जवळजवळ एक कोटी. जाणत्यांनीं वही पुढें केली : एका पौंडास परतावा अर्ध्या पौंडाचा! बीचिंग असते तर त्यांनीं याहून निराळें कांहीं म्हटलें नसतें. या वेळीं फरक एवढाच कीं, वही वाचूनही राज्यकर्त्यांनीं मार्ग बांधला.

6 सप्टेंबर 2015 रोजीं एडिंबरोहून ट्वीडबँकपर्यंत प्रवासी गाड्या सुरूं झाल्या. तीनच दिवसांनीं राणी एलिझाबेथ वाफेच्या इंजिनाच्या गाडींतून या मार्गानें आल्या. व्हिक्टोरिया राणीहून अधिक काळ राज्य केल्याचा मान त्यांना मिळाला तो नेमका त्याच दिवशीं. न्यूबॅटलचा तेवीस कमानींचा जुना पूल पुन्हां गाडीचें ओझें घेऊं लागला. पहिल्या वर्षीं दहा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. विशेष हें कीं, शहराजवळच्या स्थानकांवर गर्दी होईल व टोंकास तुरळक माणसें दिसतील असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो साफ उलटला. टोंकाचीं गॅलाशील्स व ट्वीडबँक भरून वाहिलीं, जवळचीं कांहीं स्थानकें मागें पडलीं. मध्यें स्टो नांवाचें लहानसें गांव आहे. मूळ योजनेंत तेथें स्थानकच नव्हतें, लोकांनीं आग्रह धरून तें घालून घेतलें, आणि तेथेंही अंदाज तोकडाच पडला. एका शहराच्या जवळ राहणाऱ्यास गाडीवांचून दहा वाटा असतात, दूरच्यास एकच, ही साधी गोष्ट गणितांत कशी निसटते याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

काटकसरीचा हात मात्र या वेळींही फिरलाच. मार्ग बहुतेक एकेरी ठेवला. समोरासमोरच्या गाड्यांनीं एकमेकींस टाळावें यासाठीं दुहेरी रूळ सुमारें साडेनऊ मैलच घातले, आणि नवे पूलही एकेरी रुंदीचे बांधले. एक गाडी खोळंबली कीं समोरचीही खोळंबते. पुढें वाढविण्यास जागा न ठेवण्याची जी खोड 1969 त दिसली, ती 2015 तही अगदींच गेली नाहीं.

आमच्या वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून एका बाजूस अचलपूर व दुसऱ्या बाजूस यवतमाळकडे जाणारी अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' कापसाच्या व्यापारासाठीं एका इंग्रजी कंपनीनें घातली; तिच्या गाड्या अलीकडच्या वर्षांत थांबल्या. तिच्या पुनरुज्जीवनाची मागणी करणाऱ्या वऱ्हाडी बंधूंस आमची एकच सूचना आहे कीं, गाडीच्या आधीं जमिनीवर डोळा ठेवावा.

ट्वीडबँकला उतरलें म्हणजे स्कॉटचें ॲबट्सफर्ड हें घर चालत जाण्याइतकें जवळ आहे. रूळ तेथेंच संपतात. हॉइकचे लोक आपल्या गांवापर्यंत, आणि पुढें कार्लाईलपर्यंत, मार्ग मागत आहेत. व्हिट्रोपला कांहीं हौशी मंडळींनीं थोडेसे रूळ स्वतःच्या हातांनीं पुन्हां घातले आहेत. शँकेंडच्या पंधरा कमानी अजून जशाच्या तशा उभ्या आहेत, आणि त्यांच्यावरून जाणारें कांहीं नाहीं.