शीघ्रगती स्पंदकांच्या वयाचा प्रश्न

इ. स. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल व अँटनी ह्युइश यांना पहिला स्पंदक आढळला. (स्पंदक ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे, हा न्यूट्रॉन तारा स्पंद पावत नाही, स्वतःभोवती फिरतो.) असे तारे ऊर्जा गमावून क्रमशः मंदावतात, म्हणून शीघ्र गती हे तारुण्याचे लक्षण मानले गेले. १०५४ मध्ये दिसलेल्या स्फोटातून उपजलेला क्रॅब तेजोमेघातील स्पंदक सेकंदास सुमारे ३० फेरे घेतो, हे त्या समजास पोषकच होते.

१९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी प्रभृतींना आरेसिबो येथील दुर्बिणीने सेकंदास ६४२ फेरे घेणारा स्पंदक सापडला. कुरुंदवाड येथे जन्मलेले कुलकर्णी त्या वेळी बर्कलीस संशोधक विद्यार्थी होते. तारा नवजात असता, तर सभोवार स्फोटाचे अवशेष दिसावयास हवे होते आणि गतीही झपाट्याने घटावयास हवी होती. यांपैकी काहीच आढळेना. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतील राधाकृष्णन व श्रीनिवासन यांनी, तसेच स्वतंत्रपणे अल्पार, चेंग, रुडरमन व शहाम यांनी, त्याच वर्षी उलगडा सुचविला: हा तारा वृद्ध असून सहचर ताऱ्याच्या द्रव्याने पुन्हा गतिमान झालेला आहे.

सहचर फुगू लागला की त्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो. परंतु त्यास परिभ्रमणाची गती असल्याने तो सरळ न कोसळता ताऱ्याभोवती चकती रचतो. चकतीच्या आतल्या कडेस ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र वायूस थोपवून धरते. तेथील वायू ताऱ्याहून शीघ्र फिरत असेल, तोवर त्याचा कोनीय संवेग ताऱ्यास मिळत राहतो. दोहोंची गती समान झाली की वाढ खुंटते. क्षेत्र क्षीण असल्यास कडा ताऱ्याच्या निकट येते व अंतिम गती वाढते. सूर्याच्या सुमारे दशांश वस्तुमानाएवढे द्रव्य ह्या कार्यास पुरते.

अडचण एवढीच, की १९८२ च्या त्या स्पंदकास सहचरच नव्हता! १९८३ मध्ये युग्मातील दुसरा शीघ्रगती स्पंदक सापडला, तेव्हा उपपत्तीस आधार मिळाला. १९८८ मध्ये तर आपल्या प्रारणाने सहचरास झिजविणारा स्पंदकच दृष्टीस पडला. तथापि हे सारे अनुमानच होते. प्रत्यक्ष द्रव्य गिळत असलेला आणि सेकंदास ४०१ फेरे घेणारा तारा वायनँड्स व व्हान डर क्लिस यांनी १९९८ मध्ये क्ष-किरणांत दाखविला. २०१३ मध्ये एम २८ ह्या तारकागुच्छातील एक रेडिओ-स्पंदक क्ष-किरणांत उजळला आणि काही आठवड्यांतच पुन्हा रेडिओलहरी देऊ लागला. एकाच ताऱ्याच्या दोन अवस्था अशा रीतीने लागोपाठ दिसल्या. त्या एकाकी ताऱ्याचा सहचर मात्र नेमका कसा नाहीसा झाला, ह्याचा निर्णय अद्याप झालेला नाही.