घटसर्प : पहाट ते पहाट

गगनबावडा हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी एक. ओल, गारठा आणि दावणीला म्हशी, म्हणजे घटसर्पाला मोकळं रान. पुढचा क्रम कोण्या एका गोठ्याचा नाही. हा रोग साधारण ज्या चालीनं जातो, ती एका दिवसावर मांडली आहे.

मे अखेर : गावात लसीकरण सुरू. दूध चार दिवस घटेल म्हणून एक म्हैस टोचायची राहते.

जुलै, झडीचे दिवस : पाश्चुरेला हा घटसर्पाचा जंतू निरोगी जनावराच्या घशातही दबा धरून असतो. भिजणं, उपासमार, दमणूक यांनी अंगातली ताकद खचली की तो उसळतो. लाळेतून, सामाईक पाण्यातून, उष्ट्या वैरणीतून पसरतो.

पहाटे 5 : धारेला दूध निम्म्यावर. रवंथ बंद. ताप 105 फॅरेनहाइट. निरोगी म्हशीचा साधारण 101. म्हैस वाचवायची खरी वेळ हीच.

सकाळी 9 : लाळ गळते, नाक वाहतं, डोळे लाल. ‘पावसानं गारठली’ म्हणून काढा पाजला जातो. गिळता येत नसताना पाजलेलं औषध फुप्फुसात उतरू शकतं.

दुपारी 1 : घशाखाली सूज, गरम, कडक, दुखरी. म्हैस हात लावू देत नाही.

संध्याकाळी 5 : सूज पोळीपर्यंत उतरली. घरघर दारापर्यंत ऐकू येते. कुंभी नदीचं पाणी मांडुकलीला रस्त्यावर आलं असेल, तर कोल्हापूरची वाटही बंद.

रात्री 10 : जीभ बाहेर, म्हैस आडवी. आता प्रतिजैविक दिलं तरी आशा फार थोडी.

पहाटे 4 : श्वास कोंडून मृत्यू.

सकाळी 7 : धोका शेजारच्या दावणीला. मेलेलं जनावर सोलू नका, ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उष्टी वैरण जाळा, गव्हाण धुवा. उरलेल्या प्रत्येक जनावराचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा. चढलेला दिसताच डॉक्टर बोलवा.

लसीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून टोचणी पावसाआधीच हवी. गोठ्यात थर्मामीटर ठेवा. जनावरानं वैरण टाकली की संध्याकाळची वाट पाहू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा 1962 ला फोन करा. घटसर्पात एक सकाळ वाया गेली, की म्हैस गेली.