बालमूत्रशस्त्रक्रियेनंतरची काळजी

लहान मुलांच्या मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय, मूत्रमार्ग किंवा जननेंद्रियावरील शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग, नळी तुंबणे, टाके उसवणे असे प्रकार टाळण्यासाठी घ्यायची काळजी. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातून अशा शस्त्रक्रियेसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. ऑपरेशन तिकडे होते, जखम मात्र गावातल्या घरात भरते. म्हणून सुट्टीच्या वेळी आईला सोप्या मराठीत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शस्त्रक्रियेची गरज आधी तपासणीत लक्षात येते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासतात. कपडे काढून नीट पाहिले तरच मूत्रछिद्र खालच्या बाजूला असणे (हायपोस्पाडियास) किंवा वृषण खाली न उतरणे हे दोष सापडतात. दोन्हींची शस्त्रक्रिया साधारणपणे ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात.

संसर्ग टाळण्याचे काम ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू होते. आवश्यक तेथे प्रतिजैविकाची मात्रा चिरा देण्यापूर्वी देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून ती लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. मूत्रमार्गात नळी असताना काही शल्यचिकित्सक अल्प मात्रेत औषध चालू ठेवतात, तो निर्णय त्यांचा. मेडिकलमधून मनाने आणलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात, आणि पुढे खरोखर गरज पडते तेव्हा ते औषध कामाला येत नाही.

हायपोस्पाडियासनंतर नळी साधारण ५ ते १० दिवस ठेवतात. ती पिळली किंवा ओढली जाऊ नये. पिशवी असल्यास मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. तान्ह्या बाळाला बहुधा दुहेरी डायपर घालतात: आतल्यात शी, बाहेरच्यात नळीतून येणारी लघवी, म्हणजे जखमेला मळ लागत नाही. शी पुढून मागे पुसावी. पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडू नये, हळद, राख, तेल काहीही लावू नये. आपल्याकडे बाळाला कडेवर घेताना त्याचे पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना येतात आणि जखम दाबली जाते. काही आठवडे बाळाला आडवेच घ्यावे. मोठ्या मुलाला सायकल बंद.

बद्धकोष्ठ हा दुर्लक्षित शत्रू. कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो, मूत्राशयात कळा येतात, नळीच्या बाजूने लघवी गळते. पाणी भरपूर द्यावे, विदर्भाच्या उन्हाळ्यात तर जास्तच. शी घट्ट होत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे.

सूज, निळसरपणा, पहिले काही दिवस लघवीत किंचित लाली, टोकावर पिवळसर पापुद्रा हे सहसा अपेक्षित असते. तो पापुद्रा पू समजून घरचे खरवडतात आणि जखम पुन्हा ओली होते. मात्र ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, ६ ते ८ तास लघवी नाही, रक्ताच्या गाठी, दुर्गंधीयुक्त पू, पोटफुगी, सततच्या उलट्या किंवा नळी निसटणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. निसटलेली नळी घरी परत घालू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून शल्यचिकित्सकाला फोन करून घ्यावा. प्रकृती गंभीर असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. लघवी दोन ठिकाणांहून येऊ लागणे (फिस्टुला) काही आठवड्यांनीही दिसू शकते. त्यासाठी सहसा पुन्हा शस्त्रक्रिया लागते, पण ती ऊतके मऊ झाल्यावर, बहुधा ६ महिन्यांनी करतात.

मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत आत ठेवलेली डीजे स्टेंट (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) बाहेरून दिसत नाही. मूल हसतेखेळते झाले, पेरणीची घाई आली, की ती विसरली जाते; मग तिच्यावर खडे जमतात आणि संसर्ग होतो. ती सहसा ४ ते ६ आठवड्यांत काढतात. ती तारीख सुट्टीच्या कागदावर ठळक लिहावी आणि आशाताईंकडेही नोंदवावी. पश्च मूत्रमार्गातील पडदा (पीयूव्ही) कापलेल्या मुलाला तर लघवीची धार सुधारल्यावरही रक्तदाब, क्रिएटिनिन व सोनोग्राफीची तपासणी मोठेपणापर्यंत करावी लागते, कारण त्याचे मूत्रपिंड जन्माआधीच दुखावलेले असू शकते.