पिशवीतल्या दुधामागे : ‘बायफ’ची वाटचाल

चेंबूरच्या एका अंगाला नेहरूनगरची कुर्ला डेअरी, दुसऱ्या अंगाला देवनारचा कत्तलखाना. मुंबईच्या दुधाची जुनी गोष्ट या दोन टोकांमध्ये मावते. गुजरात-हरियाणातून नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दुधाच्या म्हशी तबेल्यांसाठी विकत आणायच्या, वेत संपेपर्यंत पिळायच्या आणि आटल्या की काढून टाकायच्या, असा हा धंदा होता. भाकड म्हशीला पुन्हा विईपर्यंत मुंबईच्या भावाने वैरण घालणे तबेलेवाल्याला परवडत नसे. त्यामुळे कितीतरी उत्तम म्हशी ऐन उमेदीत कसायाकडे गेल्या. शहर दूध पीत होते आणि दुधाचे वाणही संपवत होते.

1949 मध्ये गोरेगावला आरे वसाहत सुरू झाली आणि शहरातल्या हजारो म्हशी तिकडे हलल्या. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात मलईविरहित दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ‘टोन्ड’ दूध तयार केले, ते स्वस्तात घरोघर पोचले. दुधाची स्वच्छता, भाव आणि वाटप हे प्रश्न बऱ्याच अंशी मार्गी लागले. पण जनावर सुधारायचे कुठे आणि कोणी, हा प्रश्न शहरात सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन या गावी शोधले जात होते.

आश्रमातला गोठा

मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी उरुळी कांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. आश्रम सांभाळायला गांधीजींनी ज्या तरुणाला मागे ठेवले, ते मणिभाई देसाई. मूळचे सुरत जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर. ‘इथेच आयुष्य काढीन’ असा शब्द त्यांनी दिला आणि 1993 मध्ये निधन होईपर्यंत तो पाळला. गावात शाळा काढली, थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत पुढाकार घेतला. पण त्यांचा जीव गुंतला तो गोठ्यात. सौराष्ट्रातल्या गीर गायी आणून त्यांची निवड, नोंदी आणि पैदास त्यांनी वर्षानुवर्षे केली. चांगला वळू, वेळेवर खुराक आणि रोजची दूधनोंद या तीन गोष्टींनी गायीचे दूध किती वाढते, हे त्यांनी स्वतःच्या गोठ्यात पाहिले.

आश्रमाबाहेरचे चित्र निराळे होते. खिलार असो की डांगी, आपल्याकडची बहुतेक जनावरे बैलासाठी राखलेली. नांगराला खिलारासारखा बैल नाही, पण खिलार गाय वासराला पाजून घरी दूध देणार ते लिटर-दोन लिटर. आश्रमातल्या शंभर गायी सुधारून काय होणार? गावातली लाखो जनावरे कधी सुधारणार?

1967 : संस्था उभी राहिली

या प्रश्नातून 1967 मध्ये ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ची स्थापना झाली. पुढे हे लांबलचक नाव मागे पडले आणि गावोगाव ‘बायफ’च रूढ झाले. गावठी गायीला होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सी वळूचे वीर्य भरायचे आणि होणारी संकरित कालवड नीट वाढवायची, हे पहिले काम ठरले.

कृत्रिम रेतन देशाला नवे नव्हते. सरकारी दवाखान्यांत ते होत होते, पण गाय तिथवर न्यावी लागे. माजावर आलेली गाय दावे धरून चार-पाच कोस चालवायची, डॉक्टर भेटले नाहीत तर तशीच परत आणायची, तोवर माज ओसरलेला. बायफने हा क्रम उलटा केला. गाय जागची हलणार नाही, माणूस गोठ्यावर जाईल. संस्थेने पुढे बरेच काही केले, पण तिची खरी कमाई हीच. गोठवलेल्या वीर्याचे तंत्र आल्यावर हे जमणे सोपे झाले. उणे 196 अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये वीर्याची कांडी वर्षानुवर्षे टिकते. वळू उरुळीत आणि त्याची वासरे शेकडो मैलांवर, हे त्यामुळे शक्य झाले. सुरुवातीची अनेक केंद्रे सहकारी साखर कारखान्यांच्या आधाराने त्यांच्याच कार्यक्षेत्रात निघाली. उसाचे वाढे तिथे होते, पाटाचे पाणी होते आणि नव्या गोष्टीत पैसा घालायची तयारीही होती.

गोठ्यावर काय घडते, ते जवळून पाहण्याजोगे असते. मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून केंद्राचा माणूस दारात येतो. गावाच्या लेखी तो ‘डॉक्टर’च.

“मावशी, माज कधी दिसला?”

“पहाटंपास्नं हंबरतीया. सोटबी टाकलाय.”

पहाटे माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा सरळ नेम. चिमट्याने कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, कोरडी पुसून गनमध्ये घालायची आणि टोक कापायचे. कांडीत पाव मिलिलिटरच ऐवज, पण त्यात जवळपास 2 कोटी शुक्राणू. कोपरापर्यंत हातमोजा चढवून काम दोन-चार मिनिटांत उरकते. मग वहीत गायीचा बिल्ला, वळूचा क्रमांक, तारीख. एकवीस दिवसांनी गाय उलटली तर पुन्हा फेरी. नाही उलटली तर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी.

यानंतर लागतो तो धीर. नऊ महिने नऊ दिवसांनी वासरू, ती कालवड असलीच तर तिला पहिल्यांदा विण्यासाठी आणखी अडीच वर्षे. आज भरवलेल्या गायीच्या लेकीचे दूध डेअरीत जायला तीन वर्षांहून जास्त काळ लागतो. हातावर पोट असलेल्या माणसाने तेवढे थांबायचे, तर मधल्या काळात कोणीतरी सतत दारात यावे लागते : लस टोचायला, जंताचे औषध द्यायला, लसूण घास किंवा नेपियर गवताचे ठोंब द्यायला. बायफने तेही अंगावर घेतले. सुबाभूळ शेताच्या बांधावर आला त्यातही संस्थेचा मोठा वाटा आहे. 1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वाढती आणि अडती बाजू

त्याच सुमारास गुजरातच्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ सुरू झाली. साधारण एकरभरात आंबा-काजू, मध्ये पिके, कडेला लाकूड-चाऱ्याची झाडे. जव्हारच्या डोंगरातही हे काम आले. मणिभाईंच्या नंतर डॉ. नारायण हेगडे यांनी धुरा घेतली. पुण्याच्या वारज्याला मुख्यालय असलेली संस्था आज डझनाहून अधिक राज्यांत काम करते. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांच्या गावठी बियाण्यांच्या कामालाही तिची साथ लाभली. राहीबाईंना पद्मश्री मिळाली.

संकराची किंमतही मोजावी लागली. परदेशी रक्त जसे वाढत गेले तशी गाय उन्हाला आणि गोचीडतापाला हळवी झाली. संकरित बैलाला वशिंड नाही, म्हणून जू नीट बसत नाही, ही तक्रार तर पहिल्यापासूनची. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याचे कामच उरले नाही आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने तो विकायची वाटही अरुंद केली. म्हणून नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतील अशा ‘सेक्स्ड सीमेन’ला आता मागणी आहे. दुसरीकडे गीर, साहिवाल यांच्याकडे लोक पुन्हा वळले आहेत. सरसकट संकराऐवजी शेतकऱ्याचे पाणी, चारा आणि ऐपत पाहून वळू निवडायचा, हे शहाणपण अनुभवातून आले.

तिकडे केनियात

गोठ्यावर येणारा माणूस थांबला की काय होते, हे केनियात दिसले. उरुळीचा आश्रम निघाला त्याच 1946 साली नैरोबीजवळ काबेटे येथे केनियाचे कृत्रिम रेतन केंद्र सुरू झाले. पुढे तिथल्या डोंगराळ भागातले लहान शेतकरीही दोन-तीन संकरित गायींवर संसार चालवू लागले. 1990 च्या आसपास सरकारने अनुदानातून अंग काढून घेतले, रेतनाचे दर वाढले, दूरच्या गावांत माणूस जाईनासा झाला. शेतकऱ्यांनी शेजारचा मिळेल तो वळू लावला आणि कष्टाने उंचावलेले वाण घसरू लागले. 2008 मध्ये हेफर इंटरनॅशनल या संस्थेने केनिया, युगांडा आणि रवांडा या देशांत मोठा दुग्धविकास प्रकल्प हाती घेतला. त्याचा गाभा होता शेतकऱ्यांच्या मालकीचे शीतकरण केंद्र. दूध तिथे घालायचे, रेतन, खुराक, औषध तिथूनच उधारीवर घ्यायचे आणि पैसे दुधाच्या बिलातून वळते करायचे. आपल्या दूध संस्थांच्या सभासदाला यात नवे काहीच वाटणार नाही.

आज चेंबूरच्या दुकानात सकाळी गोकुळ, वारणा, कात्रज अशा पिशव्यांचे क्रेट उतरतात. कुर्ला डेअरीची जागा धारावी पुनर्विकासाला देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला, आरेच्या बाटल्या तर कधीच गेल्या. शहराने दूध पिकवणे सोडले, ते घाटावरच्या गोठ्यांवर सोपवले आणि त्यातल्या अनेक गोठ्यांत संकरित गायी आहेत. त्या गायी एकट्या बायफने दिल्या असे नव्हे. सरकार, सहकारी संघ, खासगी डेअऱ्या सगळ्यांचा हात त्यात आहे. पण सुधारणा गोठ्यापर्यंत चालत गेली पाहिजे, हा वस्तुपाठ बायफने घालून दिला. चांगला वळू विकत मिळतो. वेळेवर येणारा माणूस मात्र तयार करावा लागतो, त्याचे पोट भरेल असा दर ठरवावा लागतो आणि तो दर गोठेवाल्यालाही परवडावा लागतो. केनियाची घडी इथेच विस्कटली. दुधाचा भाव पडला की आपलीही परीक्षा इथेच होणार आहे.