मुक्त भांडाराची फेरिस्त

ठाण्यात खोपटच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या एका निवृत्त गुरुजींच्या फोनमध्ये पोथी वाचण्याजोगे, जाहिरातींचा उपद्रव नसलेले एखादे अ‍ॅप घालून देण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यात माझ्यावर आला. पडद्यावर ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा उमटला, तसा त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, “अहो, ज्याची मूळ संहिता कोणीही उघडून वाचावी असे तुम्ही म्हणता, तो स्रोत अज्ञात कसा?”

प्रश्न रास्त होता, आणि ठाण्याच्या मातीत तो नवाही नव्हता. याच शहरात 1 जून 1893 रोजी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. तिच्या अग्रभागी असलेले विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारा हा मिठाचा व्यापारी गृहस्थ घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या जुन्या कवींच्या बाडांचा शोध घेत असे, आणि 1903 पासून ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकातून ते काव्य सर्वांच्या हाती देत असे. हस्तलिखित छापावयाचे म्हणजे प्रती मिळवाव्या, पाठ ताडून पाहावे, लेखनिकाने मध्येच काय घुसडले आणि काय गाळले ते हुडकावे, आणि मगच वाचकासमोर ठेवावे. संहिता खुली असणे ही एक गोष्ट, आणि हाती आलेली प्रत त्या संहितेशी इमान राखून आहे याची कोणीतरी हमी घेणे ही दुसरी.

मुक्तस्रोत प्रणालींच्या जगात ही दुसरी गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे केली ती 1993 साली इयन मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियनने. प्रत्येक प्रणालीस एक जबाबदार सांभाळकर्ता, सर्वांचे एक सामायिक भांडार आणि भांडारातील मालावर मोहोर, अशी ती वहिवाट होती. ती जाणत्यांपुरती राहिली, कारण तिचे दार म्हणजे आज्ञा टंकावयाची काळी खिडकी. सामान्य माणसाला दुकानासारखे दार मिळाले ते 2008 साली, जेव्हा जुलैत अ‍ॅपलचे आणि ऑक्टोबरात अँड्रॉइडचे भांडार उघडले. पण ते दार धन्याच्या मालकीचे होते आणि आत शिरण्यापूर्वी खाते उघडून नाव-निशाणी द्यावी लागे.

या दोन परंपरांचा सांधा जुळविण्याचे श्रेय सियारन गल्टनिक्स यांनी 2010 साली सुरू केलेल्या ‘एफ-ड्रॉइड’ला दिले पाहिजे. त्याचा मूळ नियम असा की, कर्त्याने धाडलेली तयार प्रत डोळे झाकून न स्वीकारता मूळ संहिता घ्यावी, भांडाराने ती स्वतः बांधावी आणि मग आपला शिक्का मारावा. भाव्यांच्या कामाशी याचे नाते उघड आहे. एवढ्यावर न थांबता अवगुणांच्या पट्ट्याही लावण्यात आल्या: हे अ‍ॅप जाहिराती दाखविते, हे तुमचा माग ठेविते, हे अमक्या बंदिस्त सेवेवाचून चालत नाही. दुकानदाराने मालाचे वैगुण्य आपण होऊन पाटीवर लिहावे, हा बाजाराच्या इतिहासातील मोठा प्रामाणिकपणा होय असे मी मानतो.

परंतु याच सचोटीतून रचनाकारांपुढील सर्वांत कठीण पेच उभा राहिला. इतर भांडारे कोणी काय उतरविले, किती वेळ वापरले, कोणता शेरा दिला याची जमाबंदी ठेवितात आणि तिच्या बळावर ‘लोकप्रिय’ अशी रांग लावून देतात. ज्या भांडाराने ग्राहकाचे नावही न विचारण्याचे व्रत घेतले, त्याने नवख्या माणसाला पहिल्या पानावर काय दाखवावे? आरंभीची अनेक वर्षे उत्तर बहुतांशी एकच होते, एक लांबलचक यादी, जीत ज्याला नाव ठाऊक त्यालाच वस्तू सहज सापडे. 2017 साली दर्शनी भाग नव्याने रचला गेला, तेव्हा नुकत्याच आलेल्या व सुधारलेल्या अ‍ॅप्सना पुढची जागा मिळाली आणि विषयवार कप्पे ठळक झाले. गर्दीच्या कौलाऐवजी फेरिस्त लिहिणाऱ्याच्या कष्टांवर विसंबण्याचा हा मार्ग ग्रंथपालाचा आहे, आणि मला तो अधिक सभ्य वाटतो.

फेरिस्तीची भाषा मात्र अद्यापि बहुतांशी इंग्रजीच आहे, कारण वर्णन लिहिणारा जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेला एखादा हौशी कर्ता असतो. या बाबतीत आपल्याकडील एक प्रयत्न नमूद केला पाहिजे: मुंबईच्या आय. आय. टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘इंडस ओएस’सोबत ‘अ‍ॅप बझार’ काढला, त्यात ई-मेल खात्याची अट नव्हती आणि मराठीसह भारतीय भाषांत माल मांडलेला होता. ते भांडार मुक्तस्रोताचे नव्हे. पण ग्राहकाच्या बोलीत पाटी लिहिण्याचा धडा त्याच्याकडून घेण्याजोगा आहे.

दाराचा वाद तर अजून मिटलेला नाही. 2017 च्या आठव्या अँड्रॉइडपासून प्रत्येक परक्या भांडाराला निराळा परवाना द्यावा लागू लागला. आणि ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केले की, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर पुढील वर्षापासून, प्रथम काही देशांत, ओळख नोंदविलेल्या कर्त्यांचीच अ‍ॅप्स चढविता येतील. एफ-ड्रॉइडने त्यास उघड विरोध केला. ज्या भांडारात कर्ता आपली संहिता देतो पण आपली सनद देत नाही, त्याच्या मुळावरच हा घाव आहे.

यातले जेवढे सांगता आले तेवढे मी गुरुजींना त्या बाकावर सांगितले. त्यांनी ‘अज्ञात’ या शब्दावर क्षणभर बोट टेकविले, मग परवानगी स्वतःच दिली, ‘वाचन’ कोणत्या कप्प्यात येईल ते मला विचारून घेतले आणि लिब्रेरा नावाचे अ‍ॅप उतरविले. भिवंडीची गाडी लागली तेव्हा ते अक्षरे मोठी करून पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पानावर होते, आणि पिशवी उचलण्यापूर्वी त्यांनी पान नीट खुणेने राखून ठेविले.