एम्प्रेस गिरणीतील कामगार-कल्याण

नांदेडची उस्मानशाही गिरणी निघण्याच्या कितीतरी वर्षे आधी, 1 जानेवारी 1877 रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी नागपुरात सुरू झाली. आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तेथे संप झाला. मजुरांची हजेरीही अनियमित असे, आणि शिकविलेला माणूस गैरहजर राहिला की यंत्र अडे. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या काळात गिरणीने यावर बक्षिसांचा मार्ग धरला. पुढे 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी व 1895 मध्ये अपघाताची भरपाई आली. भरपाईचा कायदा व्हावयास 1923 साल उजाडले. यास निव्वळ औदार्य म्हणणे चूक ठरेल. कामगारांचे हित हाच धंद्याच्या भरभराटीचा पाया, असे खुद्द जमशेटजींनीच 1895 मध्ये सांगितले होते. मजुरीच्या दराच्या मूळ तंट्याला मात्र या निधीत उत्तर नव्हते.